कोरा तुंबा

एकोणीसशे शहात्तर साल. मी वीस वर्षांचा होतो. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. नदीच्या अलीकडं आणि पलीकडं सगळा चांदा जिल्हाच. आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढं, वैनगंगेच्या काठावर. आम्ही ढिवर. घाट कागदावर कोणाचा होता ते मला माहीत नाही, पण माणसं पार करायची ती माझ्या बापाच्या नावेतून आणि त्याच्या आधी त्याच्या बापाच्या नावेतून. मी चौथीपर्यंत शिकलो. हे लिहितो आहे तेही कोणाला विचारून नाही. नात म्हणते, आबा, मी तपासून देते. मी म्हटलं, तपासायला हे काय इंजिन आहे? राहू दे जसं आहे तसं.

आमच्या घरात दोन वास कायम असायचे, मासोळीचा आणि राळेचा. मासोळीचा तर ढिवराच्या कोणत्याही घरात असतो. राळेचा मात्र आमच्याच. बाप दर वर्षी पूर ओसरला की नाव काठावर पालथी घालायचा आणि तिच्या फळ्यांच्या सांध्यांमधली जुनी दोरी उकरून नवी भरायचा. अंगणात बसून, मांडीवर अंबाडीचे धागे वळून तो दोरी करायचा. मग जवसाच्या तेलात राळ तापवायची, त्यात दोरी भिजवायची आणि लाकडी हातोडीनं सांध्यात ठोकायची. ठक ठक, ठक ठक, दिवसभर. माय चुलीपासून ओरडायची, "भातालेबी राळ लागून राह्यली तुमची!" आणि खरंच लाखोरीच्या डाळीसोबत भात खाताना घास जिभेवर जरा चिकट लागायचा. मला तो वास आवडायचा असं नाही. मला तो वास म्हणजेच घर वाटायचं, एवढंच.

बापाची नाव कोरडी होती. हे ज्यानं नाव पाहिली नाही त्याला समजणार नाही, म्हणून सांगतो. लाकडाच्या नावेत थोडं पाणी येतंच. म्हणून नावाडी सोबत तुंबा ठेवतो, वाळलेला मोठा भोपळा उभा चिरून केलेला, आणि येता जाता त्यानं पाणी उपसत असतो. आमच्यात नवी नाव बांधली की तिच्यासोबत नवा तुंबा चिरायची रीत आहे. बाकीच्यांचा तुंबा नावेत असायचा. आमचा बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेला होता. बापाला तो कधी खाली काढावाच लागला नव्हता. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा बापानं चहाच्या आधी त्यांच्यापुढं तो तुंबा धरला होता. आतली बाजू पांढरी, कोरी, पाणी न लागलेली. पाहुणेही ढिवर होते, त्यांना जे समजायचं ते समजलं. बहिणीचं लग्न तिथंच झालं. आमच्या नावेतून लग्नाचे तांदूळ, गूळ, नवरीचं लुगडं, सगळं खाली तळाशी ठेवून न्यायचे लोक. दुसऱ्याच्या नावेत डोक्यावर धरायचे.

मी मात्र नावेवर टिकलो नाही. मला वल्ह्याचा कंटाळा होता. गोंडपिपरीच्या धानाच्या गिरणीवर मोठं डिझेल इंजिन होतं, तिथं मी चार-पाच वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली काढली. मिस्त्री शिव्या देऊन शिकवायचा. शिव्या विसरलो, शिकवणं राहिलं.

त्या साली आमच्या भागातल्या बांबूच्या ठेकेदाराला बोटीचं वेड लागलं. त्याला सगळे सेठच म्हणत, मीही सेठच लिहितो. त्याचा एक डेपो नदीच्या अलीकडं आणि एक पलीकडं. मुंबईकडच्या कोणा धनवानानं हौसेसाठी ठेवलेली जुनी बोट त्यानं विकत घेतली आणि ट्रकवर लादून आणली. पांढरी, लांब, आत काचेची खोली, लाल गाद्या, पडदे, आणि भांडी धुवायला नळ. नावही लिहिलेलं होतं इंग्रजीत. ते काय होतं ते मी शेवटपर्यंत कोणाला विचारलं नाही. गाव तीन दिवस बोट पाहायला येत होतं. कोणाची तरी शेळी आत शिरून गादीवर बसली, ती निघता निघेना. माय नळाकडे पाहून म्हणाली, "पान्यावर बसून नळ कायले लागते बाई? हात खाली केला की पानीच पानी."

बोटीच्या पोटात दोन डिझेल इंजिनं होती, एकमेकांच्या बाजूला, जशी काही बैलजोडी. प्रत्येक इंजिनाचा एकेक लोखंडी शाफ्ट मागं जाऊन बोटीच्या तळातून बाहेर पाण्यात निघायचा आणि त्याच्या टोकाला पितळेचा पंखा. सेठ साहेबलोकांना नदीतून फिरवणार होता आणि बाजाराच्या दिवशी माणसंही पार करणार होता. म्हणजे घाट बापाच्या हातून जाणार, हे सगळ्या गावाला दिसत होतं. आणि बोटीचा ड्रायव्हर म्हणून सेठनं मला धरलं होतं. अट एकच. मुंबईकडून बोटी तपासणारे साहेब येतील, त्यांनी इंजिनं पास केली तर नोकरी पक्की, नाही तर मी परत गिरणीवर.

बापानं एकदा फक्त जेवताना विचारलं, "दोन इंजिनं कायले पाह्यजेत रे? एक मेलं त दुसरं रडाले?"

"एक बंद पडलं त दुसऱ्यानं काठाले याचं, बा."

"माह्या नावेले त एकबी नाई. अजून मंधात बंद नाई पडली."

माय हसली. मी हसलो नाही. तेव्हा मला वाटत होतं की बाप जळतो आहे. गावालाही तेच वाटत होतं.

मी दोन्ही इंजिनं उघडून साफ केली. गाळण्या बदलल्या, तेल बदललं. शाफ्ट जिथून तळाबाहेर जातो तिथं पितळेची एक पेटी असते, तिला ग्लँड म्हणतात. आत चरबी लावलेली सुताची दोरी भरलेली असते आणि वरून नट आवळायचा, म्हणजे बाहेरचं पाणी आत येत नाही. पण पूर्ण आवळायचा नाही. गिरणीवरच्या पाण्याच्या पंपालाही असंच असतं. थोडा थेंब सोडावा लागतो, तोच शाफ्टला थंड ठेवतो. मी दोन्ही ग्लँड तशाच ठेवल्या, हळूहळू एकेक थेंब गळेल अशा.

साहेब आले ते एसटीनं, हातात पत्र्याची पेटी. परकार म्हणून होते, कोकणातले, आयुष्य जहाजावर गेलेलं. पिकलेली दाढी, आणि बोलणं इतकं कमी की सेठ घाबरून दुप्पट बोलायचा. सेठनं मला सांगून ठेवलं होतं की साहेब यायच्या आधी इंजिनं गरम करून ठेव, म्हणजे झटक्यात चालू होतील. मी केली नव्हती. त्यात शहाणपण काही नव्हतं. सेठनं हुकूम सोडला म्हणून मी केली नव्हती. साहेबांनी पहिल्यांदा इंजिनावर तळहात ठेवला.

"गरम केलं नाहीस?"

"नाई साहेब."

"गरम असतं तर मी इथूनच परत गेलो असतो. थंड इंजिन कसं उठतं, तेच तर बघायचं असतं."

सेठनं दुसरीकडं पाहिलं. मीही.

तो पूर्ण दिवस साहेबांनी तपासणीत घालवला. मी आयुष्यात पुढं खूप इंजिनं पाहिली, पण तपासायचं कसं ते त्या दिवशी पाहिलं. डावं इंजिन उठलं, निळा धूर टाकला आणि साफ झालं. उजव्यानं पांढरा धूर जरा जास्त वेळ टाकला. साहेब धुराकडं असे पाहत होते जसा वैद्य जीभ पाहतो. तेलाची सळई काढून तेल बोटांत चोळलं, हुंगलं. पट्टे दाबून पाहिले, नळ्या वाकवून पाहिल्या. इंजिनं बंद करवून शाफ्ट हातानं फिरवले, दोन्ही सहज फिरले. मग पॅन्ट काढून, चड्डीवर, कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि पंख्याची एकेक पात धरून हलवून पाहिली. घाटावर बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांना त्याचं काही नव्हतं. शेवटी वर येऊन फळी उचलली आणि दोन्ही ग्लँडजवळ बराच वेळ उकिडवे बसून राहिले. थेंब पडत होता.

"तू सोडलास?"

"हो."

"असाच राहू दे. हात लावू नकोस. उद्या नदीत चालवून बघू."

बाप तेव्हा नदीच्या मध्ये होता, माणसं घेऊन. हे बोलणं त्यानं ऐकलं नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच मी बैलगाडी घेऊन डेपोवर डिझेल आणायला गेलो. परत आलो तेव्हा बाप घरी पाय धूत होता, हाताला राळ लागलेली. त्यात नवल नव्हतं, त्याच्या हाताला राळ नेहमीच असायची. त्या दिवशी बाप खुशीत होता. मायनं झिंगे टाकून अंबाडीची भाजी केली होती, ती त्यानं दोनदा घेतली. मला म्हणाला, "उद्या नवा सदरा घाल. साहेब लोकाईसमोर फाटक्यात नको जाऊ." एवढं तो माझ्याशी महिनाभरात बोलला नव्हता.

आता मी ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या वसाहतीत, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतो. सुनेला नळ टपकलेला चालत नाही, लगेच माणूस बोलावते. मी कधी कधी त्या माणसाला सांगतो, जास्त आवळू नको रे. तो हसतो. म्हातारं काहीतरी बोलतं असं त्याला वाटतं.

दुसऱ्या दिवशी सेठ धुतलेलं धोतर नेसून, पेढ्यांचा डबा घेऊन लाल गादीवर बसला. साहेब माझ्या बाजूला उभे. दोन्ही इंजिनं चांगली उठली. आधी हळू, मग साहेबांनी बोटानं खूण केली, अजून, अजून, आणि बोटीनं नाक वर उचललं. नदी दोन्हीकडं फाटत गेली. मला तेव्हा जे वाटलं ते परत कधी वाटलं नाही, आणि ते कसं होतं ते लिहिता येत नाही. घाट मागं राहिला, काठची झाडं मागं पळायला लागली.

मग राळेचा वास आला.

मला पहिल्यांदा वाटलं, घाटावर कोणी राळ तापवतं आहे. पण घाट तर मागं राहिला होता, आणि वारा समोरून होता. वास आमच्या अंगणातला होता, थेट, जवसाच्या तेलासकट. मी साहेबांकडं पाहिलं. त्यांनी तोवर फळी उचलली होती. उजव्या ग्लँडमधून धूर निघत होता. थेंब नव्हता. डाव्या ग्लँडलाही नव्हता, पण ती अजून तापायची होती.

"उजवं बंद. डावं अगदी हळू."

साहेबांनी ओलं फडकं ग्लँडवर टाकलं, ते चरचरलं. बोट एका इंजिनावर एका बाजूला ओढत होती, सुकाणू मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सेठच्या मांडीवरचे पेढे खाली सांडले. काठाला यायला फार वेळ लागला, आणि त्या पूर्ण वेळात मला एवढंच माहीत होतं की ती दोरी कोणी भरली आहे. का भरली, ते मी विचारात घेतलं नाही. शाफ्टवर चरे पडले असतील का, एवढंच डोक्यात होतं.

बाप घाटावर उभा होता. हात मागं बांधून, पाहुणे यायच्या वेळी उभा राहायचा तसा.

सेठ चिखलात उतरला आणि सरळ त्याच्या अंगावर गेला. "बुढ्या, तूच केलं ना हे? घाट जाते म्हणून माही बोट जाळाले निघाला? पोलिसात देतो तुले! आन् हा तुहा पोरगा, चोरांची जात सारी!"

घाटावर माणसं जमली होती. बाप नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मी बोटीतून उतरलो आणि सेठच्या आणि बापाच्या मध्ये उभा राहिलो. "सेठजी, पोलीस बोलवा. पन जातीवर याल त तुमची बोट तुम्हीच हाका," असं मी म्हणालो. असं म्हणायचं ठरवलं नव्हतं. सेठ म्हणाला, "जा मग! गिरणीवर भुसा खाय!"

इतक्यात साहेब बोटीतून बाहेर आले. त्यांनी उजवी ग्लँड उघडून दोरी काढली होती. काळी पडलेली, तरी एकेक वेढा वेगळा होता. त्यांनी ते वेढे हातावर ठेवून उन्हात पाहिले. मग बापाजवळ गेले. सेठकडं पाहिलंसुद्धा नाही.

"तुम्ही भरली?"

"हो."

"प्रत्येक वेढ्याचं टोक तिरकं कापलंय. एकाचा जोड दुसऱ्यावर येऊ दिला नाही."

"जोडावर जोड आला त पानी येते," बाप म्हणाला.

साहेब सेठकडं वळले. "बिघडवायला आलेला माणूस एवढ्या निगुतीनं भरत नाही, शेठ. मूठभर रेती टाकून गेला असता." मग परत बापाला विचारलं, "पण का भरलीत?"

बापानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांकडं. "पानी येऊन राह्यलं होतं ना त्यात. काल मी पाह्यलं. पोरगा इंजिनात मग्न, त्याचं ध्यान नसन. साहेब उद्या पाह्यतील त काय म्हनतील, म्या म्हटलं. ढिवराच्या पोराची बोट, आन् गळते?"

"ती गळायलाच पाहिजे, भाऊ. थोडी. नाही तर शाफ्ट जळतो."

"गळाले पाह्यजे?"

"हो."

"बोट?"

"हो."

बाप थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला कोणी सांगितलं असतं की नदी उलटी वाहते, तर तो असाच उभा राहिला असता. मग तो वळला आणि घरी निघून गेला. नाव तशीच काठावर सोडून. त्या दिवशी माणसं पार करायला कोणीच नव्हतं. पलीकडून लोक हाका मारत होते, शेवटी माझ्या चुलतभावानं नाव हाकली.

साहेबांनी शाफ्ट पुसून नखानं चाचपला. माझ्याकडूनही चाचपवला. चरे नव्हते, नुसतं काळं झालं होतं. म्हणाले, "उद्या सकाळी माझी गाडी आहे. त्याआधी दोन्ही ग्लँड पहिल्यासारख्या करून चालवून दाखव, सही करतो. आणि एक. हिच्या तळाचं पाणी उपसणारा पंप जळालेला आहे. थेंब साचणार, तर उपसायचं भांडं ठेव. भांडं दिसल्याशिवाय सही नाही." सेठ घसा खाकरून म्हणाला, "चालवील, साहेब, तोच चालवील." मी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यानं डेपोतून बादली पाठवली. बादली शाफ्टखाली जात नव्हती. तिथं जागा हातभर रुंद आणि वीतभर उंच. पातेलं आणलं, तेही अडलं. चपटं, लांब, खोलगट असं काहीतरी हवं होतं. ते कुठं आहे हे मला माहीत होतं. पण मी सेठच्या माणसाला सांगितलं, सकाळी पाहू.

घरी बाप भिंतीकडं तोंड करून पडला होता. जेवला नाही. माय मला हळू म्हणाली, "काऊन, काय झालं रे? चोर म्हटलं म्हणून लागलं का त्याईले?" मी म्हणालो, "नाई माय. चोर म्हटल्याचं नाई." आज मला वाटतं की ते मी बरोबर ओळखलं होतं. सेठचं बोलणं त्याला लागलंच नव्हतं. त्याच्या हातानं केलेलं काम चांगलं होतं आणि तरी चूक होतं, हे त्याला कुठं ठेवावं ते समजत नव्हतं. मला स्वतःला असं कधी झालं तर मी काय करीन ते माहीत नाही. बहुतेक भांडीन.

सकाळी उठलो तेव्हा बाप उंबऱ्यावर बसून जाळं सांधत होता. मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि खुंटीवरून तुंबा काढला. खुंटीखाली भिंतीवर त्याचा लांबट पांढरा डाग राहिला होता. आत कोळ्यानं घर केलं होतं, ते फुंकलं. बापाच्या बाजूनं जायचं तर त्याला दिसल्याशिवाय जाता येत नव्हतं, आणि मला लपवायचं नव्हतं. मी उभा राहिलो. त्यानं जाळ्यातून मान वर केली, तुंब्याकडं पाहिलं.

"काठाले नको धरू," तो म्हणाला. "वाळून वाळून ठिसूळ झाला असन. उपसताना बुडाले हात दे."

मी घाटावर गेलो. दोन्ही ग्लँडमध्ये सुताची दोरी भरली, नट आवळला, मग थोडा सोडला. उजव्याखाली तुंबा सरकवला. बरोबर बसला, जसा तिथल्यासाठीच चिरला होता. पहिला थेंब त्यात पडला, टप्प. मी इंजिनावर हात ठेवून पाहिला. थंड होतं. मग चालू केलं.